नवे शेअर, जुने भागधारक

जेवायच्या वेळी पाहुणे अचानक वाढले की घरातली बाई काय करते, हे तुम्हांला सांगायला नको. ती आमटीत तांब्याभर पाणी ओतते. आमटी सर्वांना पुरते, कुणी उपाशी उठत नाही. पण चव मात्र पहिली राहत नाही. आता समजा, येणाऱ्या पाहुण्याने येताना आपल्या घरून तितकीच दाट आमटी भांडे भरून आणली, तर? मग पाणी घालायची गरज नाही आणि कुणाची तक्रारही नाही. कंपनीने नवे शेअर काढले म्हणजे जुन्या भागधारकांचे काय होते, या प्रश्नाचे सार एवढ्यात आले. नवा वाटेकरी पानावर बसतो आहे. तो बरोबर काय घेऊन आला, हे पाहायचे.

प्रश्न सोपा दिसतो, पण त्याने गेली दोनशे वर्षे न्यायाधीशांना, कायदे करणाऱ्यांना आणि तुमच्या-आमच्यासारख्या थोडीफार पुंजी शेअरांत घालणाऱ्यांना बराच त्रास दिला आहे. त्याचा इतिहास आज पाहू. पण त्याआधी थोडा हिशेब केला पाहिजे. हिशेबाचे नाव काढताच पान उलटू नका. चौथीच्या मुलाला येईल इतकाच तो आहे.

असे धरा की, एका गावात शंभर जणांनी पन्नास-पन्नास रुपये घालून गुऱ्हाळ काढले. प्रत्येकाचा एक शेअर. पाच वर्षे धंदा बरा चालला आणि आज त्या गुऱ्हाळाची किंमत, म्हणजे चरक, कढया, जागा, शिल्लक गूळ आणि नाव सगळे मिळून, दहा हजार रुपये आहे. म्हणजे पन्नास रुपयांच्या शेअरची खरी किंमत आज शंभर रुपये झाली. आता नवे इंजिन घ्यायचे आहे आणि त्यासाठी पैसे पाहिजेत. पंच ठरवतात की, आणखी शंभर शेअर काढू आणि साठ रुपयांना विकू. दर्शनी किंमत पन्नास, आपण घेतो साठ. म्हणजे दहा रुपये वरचढच की!

पण थांबा. पहिले दहा हजार आणि नवे आलेले सहा हजार मिळून सोळा हजार झाले. शेअर झाले दोनशे. सोळा हजारांना दोनशेने भागा. एका शेअरच्या वाट्याला ऐंशी रुपये आले. जुन्या माणसाचे शंभराचे ऐंशी झाले. नव्या माणसाने साठ दिले आणि ऐंशीची वस्तू घेतली. शंभर जुन्यांचे वीस-वीस रुपये गेले, ते शंभर नव्यांच्या खिशात वीस-वीस रुपये होऊन पडले. तिजोरीतून एक छदामही हलला नाही, कुणी चोरी केली नाही, आणि तरीही दोन हजार रुपये एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे गेले. हेच शेअर जर शंभर रुपयांना विकले असते, तर कुणाचे काही बिघडले नसते. एकशेचाळीसला विकले असते, तर जुन्यांच्या शेअरची किंमत एकशेवीस झाली असती.

आता खरी गंमत पुढे आहे. तेच शंभर शेअर, त्याच साठ रुपयांच्या भावाने, बाहेरच्यांना न देता त्या शंभर जुन्या भागधारकांनाच एकास एक या प्रमाणात दिले तर? शेअरची किंमत तरीही ऐंशीवरच येईल. पण प्रत्येकाजवळ आता दोन शेअर आहेत, म्हणजे एकशेसाठ रुपयांचे. त्याने खिशातून घातले साठ आणि आधीचे होते शंभर. बेरीज तितकीच! एका खिशातून गेलेले दुसऱ्या खिशात आले. भाव साठ ठेवा, चाळीस ठेवा की दहा ठेवा. नवे शेअर जर जुन्यांनाच आपापल्या प्रमाणात मिळत असतील, तर कुणी कुणाला बुडवू शकत नाही. यालाच व्यापारी भाषेत ‘राइट शेअर’ किंवा हक्काचे शेअर म्हणतात.

आणि समजा, एखाद्या भागधारकापाशी साठ रुपये नाहीत. मग त्याने आपला हक्क दुसऱ्याला विकावा. तो दुसरा साठ रुपये कंपनीला देईल आणि ऐंशीचा शेअर घेईल. म्हणजे त्या हक्काची किंमत सुमारे वीस रुपये. ते वीस घेतले की आपल्या माणसाजवळ ऐंशीचा जुना शेअर आणि वीस रुपये रोख, पुन्हा शंभर. पण त्याने शेअरही घेतला नाही आणि हक्कही विकला नाही, नुसते आलेले पत्र फडताळात टाकले, तर मात्र त्याचे वीस रुपये बुडाले. हे फडताळ लक्षात ठेवा; पुढे कोर्टापर्यंत गेलेल्या एका पत्राची हकिगत यायची आहे.

पैशाखेरीज आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे मताचा अधिकार. शंभरांपैकी ज्याचे दहा शेअर होते, त्याच्या हाती दहावा हिस्सा होता. दोनशे शेअर झाल्यावर तो विसावा झाला. नव्या शेअरांचा भाव अगदी वाजवी असला, तरी सभेतला त्याचा आवाज निम्मा झाला. म्हणून नव्या शेअरांच्या बाबतीत दोन निरनिराळे प्रश्न असतात: पैशाचा आणि सत्तेचा. एकाचे उत्तर बरोबर आले म्हणून दुसऱ्याचे आपोआप येत नाही.

हिशेब झाला. आता इतिहासाकडे वळू.

जुन्या भागधारकाला नव्या शेअरांवर पहिला हक्क आहे, हे तत्त्व न्यायालयात मान्य झाल्याचे एक जुने आणि प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. १८०७ साली मॅसॅच्युसेट्स संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयापुढे पोर्टलंड बँकेविरुद्धचा दावा आला. बँकेने भांडवल वाढविले, परंतु ग्रे नावाच्या भागधारकाला त्याच्या प्रमाणात नवे शेअर दिले नाहीत. न्यायालयाने असे धरले की, बँक ही भागधारकांची मिळून आहे. ती वाढायची असेल, तर त्या वाढीत सहभागी होण्याची संधी आधी त्यांना मिळाली पाहिजे. ग्रे याला नुकसानभरपाई मिळाली. मराठी राज्य अजून पुण्यात नांदत होते, दुसरा बाजीराव गादीवर होता, त्या काळातली ही गोष्ट आहे.

यानंतर आपण आपल्या मुंबईत येऊ. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडून लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस बंद पडला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. एवढा पैसा ठेवायचा कुठे? मग बँका निघाल्या, फायनान्शिअल कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतचा समुद्र हटविण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या शेअरला त्याच्या कित्येक पट भाव लोक देऊ लागले.

या गर्दीत बँक ऑफ बॉम्बेचे काय झाले, ते आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. ही काही हवेतली बँक नव्हती. १८४० साली ती निघाली, तिचे भांडवल सुमारे ५२ लाख रुपयांचे होते आणि सरकार स्वतः तिचे भागधारक होते. १८६३ साली नवा कायदा होऊन तिला भांडवल वाढविण्याची परवानगी मिळाली. शिवाय कंपन्यांच्या शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची जी मनाई आधी होती, तीही सैल झाली. भांडवल ५२ लाखांचे वाढत वाढत २ कोटी ९ लाखांवर गेले. म्हणजे चौपट! नवा पैसा आला. आणि तो कुठे गेला? ज्यांचे भाव फुगले होते, त्याच कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज म्हणून गेला. म्हणजे एका कंपनीने शेअर विकून पैसा घ्यायचा आणि तो दुसऱ्या कंपनीचे शेअर विकत घेणाऱ्याला उसना द्यायचा. भिंतीला भिंतीचाच टेकू!

१८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतले युद्ध संपत आले, कापसाचे भाव कोसळले. वायद्याच्या सौद्यांचा निकाल १ जुलै १८६५ रोजी व्हायचा होता. तो दिवस मुंबईच्या बाजारात काळा दिवस ठरला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा, ज्याच्या शब्दावर बाजार चाले, असा सावकारही त्यात खाली आला. त्यांनी तेजीच्या दिवसांत दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मुंबई विद्यापीठाच्या आवारात आजही आहे. बँक ऑफ बॉम्बे मात्र राहिली नाही. १८६८ साली ती गुंडाळावी लागली आणि नव्या नावाने नवी बँक काढावी लागली. चौकशीसाठी सर चार्लस जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमले गेले. बँकेचे बहुतेक सगळे भांडवल धुऊन गेले होते.

यातून तुम्ही-आम्ही काय घ्यायचे? नव्या शेअराचा भाव किती, एवढे पाहून भागत नाही. आलेल्या पैशाचे काय करणार, हे त्याहून मोठे आहे. आपल्या गुऱ्हाळाने इंजिन घेऊन उत्पन्न दुप्पट केले, तर ऐंशीचा शेअर उद्या दीडशेचा होईल आणि वीस रुपये गेल्याचे कुणाला आठवणारही नाही. पण तेच पैसे पंचांनी पत्त्यांच्या डावाला उसने दिले, तर भले शेअर चढ्या भावाने विकलेले असोत, सगळे बुडणारच. नवे शेअर काढणे ही मुळात वाईट गोष्ट आहे, असा समज करून घेऊ नका. १९०७ साली टाटांच्या पोलाद कंपनीने २ कोटी ३१ लाख ७५ हजार रुपयांचे शेअर लोकांपुढे ठेवले आणि स्वदेशीच्या त्या दिवसांत देशातल्या हजारो लोकांनी अवघ्या तीन आठवड्यांत ते उचलले. त्या पैशातून जंगलात भट्ट्या उभ्या राहिल्या आणि जमशेटपूर झाले. भांडवलाशिवाय कारखाना नाही आणि शेअरांशिवाय भांडवल कठीण.

आता पुन्हा अमेरिकेत, पण शंभर वर्षे पुढे. न्यू यॉर्कला काँटिनेंटल ट्रस्ट कंपनी नावाची एक पेढी होती. शेअर पाच हजार, प्रत्येकी शंभर डॉलरचे. स्टोक्स नावाच्या भागधारकाजवळ २२१ शेअर होते. १९०२ साली कंपनीने भांडवल दुप्पट करायचे ठरविले. पाच हजार नवे शेअर एका बड्या पेढीला ४५० डॉलरप्रमाणे द्यायचे आणि संचालकांच्या काही जागाही तिच्या माणसांना द्यायच्या, असा बेत होता. स्टोक्सने आपल्या वाट्याचे २२१ शेअर मागितले. कंपनीने नकार दिला.

कंपनीची बाजू वरवर बिनतोड होती. वहीप्रमाणे एका शेअरची किंमत ३०९ डॉलर आणि काही सेंट इतकीच होती. आम्ही तर ४५० घेतो आहोत; म्हणजे वहीतली किंमत वाढतेच आहे, मग तुझे नुकसान कसले? आपल्या गुऱ्हाळाच्या पंचांचाच हा युक्तिवाद, नाही का? पन्नासाचा शेअर साठाला! पण बाजारात त्या शेअरला ५५० डॉलर मिळत होते. ५५० ची वस्तू ४५० ला दिली, तर मधले शंभर डॉलर कुणाच्या अंगचे गेले? शिवाय स्टोक्सचा मतांचा हिस्सा शंभरात सव्वाचार-साडेचार होता, तो थेट निम्मा होणार होता.

१९०६ साली न्यू यॉर्कच्या अपील न्यायालयाने निकाल दिला. नव्या शेअरांत आपल्या प्रमाणात वाटा मिळणे, हा भागधारकाचा अंगभूत हक्क आहे. बहुमताने तो हिरावून घेता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र स्टोक्सला शेअर शंभर डॉलरच्या दर्शनी किमतीत हवे होते, ते काही मान्य झाले नाही. जो भाव कंपनीने ठरविला, त्याच भावाने त्याला घेता आले असते. म्हणून ५५० आणि ४५० यांतला फरक, शेअरामागे शंभर डॉलर, ही त्याची नुकसानी. तराजू कसा अचूक धरला, पाहा. हक्क दिला, पण हक्काबरोबर फुकटचा नफा दिला नाही.

आपल्याकडे हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात १९३६ साली आले. १९१३ च्या कंपनी कायद्यात त्या वर्षी मोठी दुरुस्ती झाली आणि संचालकांनी नवे शेअर काढले, तर ते आधी असलेल्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ केले पाहिजेत, असे कलम घातले गेले. स्वातंत्र्यानंतर १९५६ चा कंपनी कायदा आला. त्याच्या ८१ व्या कलमाने हा नियम जास्त स्पष्ट केला: लेखी देकार पाठवा, उत्तराला निदान पंधरा दिवस द्या, आणि भागधारकाला आपला हक्क दुसऱ्याच्या नावे करण्याची मोकळीक ठेवा. पुढे १९६० च्या दुरुस्तीने एक वाट उघडी केली. बाहेरच्यांना शेअर द्यायचेच असतील, तर सभेत विशेष ठराव करा. म्हणजे विरोधी मतांच्या निदान तिप्पट मते बाजूने पाहिजेत.

याच्या जोडीला आणखी एक पहारेकरी होता. युद्धकाळात, १९४३ साली, नवे भांडवल उभारण्यावर सरकारचे नियंत्रण आले आणि १९४७ च्या कायद्याने ते पक्के झाले. कोणत्या कंपनीने किती शेअर काढायचे आणि कोणत्या भावाने, हे दिल्लीतला भांडवल-नियंत्रक ठरवी. हा भाव बहुधा बाजारापेक्षा पुष्कळ खाली असे. त्यात गंमत अशी की, नव्याने शेअर घेणाऱ्याची चंगळ होई आणि जुन्याच्या पदरी तोटा येई.

हे सर्वांत ठळकपणे दिसले ते १९७३ च्या परकीय चलन कायद्यानंतर. तो १ जानेवारी १९७४ पासून लागू झाला. बहुतेक परदेशी कंपन्यांना इथल्या कंपनीतला आपला हिस्सा शंभरात चाळीसपर्यंत खाली आणायला सांगण्यात आले. काही कंपन्या देश सोडून गेल्या. बाकीच्यांनी काय केले? आपले शेअर न विकता नवे शेअर काढून ते भारतीयांना दिले. आकार वाढला, परदेशी मालकाचा हिस्सा आपोआप घटला. आमटी वाढली, म्हणून त्याची वाटी लहान दिसू लागली. हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांनी त्या वेळी स्वस्त भावात पहिल्यांदा शेअर घेतले.

याच काळातला एक खटला मोठा बोधप्रद आहे. निलगिरीच्या डोंगरात केट्टी येथे सुया बनविणारी नीडल इंडस्ट्रीज ही कंपनी होती. तिचे ३२ हजार शेअर, प्रत्येकी शंभर रुपयांचे. त्यांतले १८,९९० एका इंग्रज कंपनीचे, म्हणजे जवळजवळ साठ टक्के. बाकीचे भारतीय भागधारकांचे. हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणायचा होता. १९७७ च्या एप्रिलमध्ये संचालक मंडळाने ठरविले की, दोन शेअरांमागे एक याप्रमाणे १६ हजार नवे शेअर दर्शनी किमतीला, शंभर रुपयांना, जुन्या भागधारकांना देऊ करावे. इंग्रज कंपनीच्या वाट्याला ९,४९५ शेअर येत होते.

देकाराचे पत्र निघाले. पण ते इंग्लंडात पोचले केव्हा? ज्या दिवशी शेअर वाटण्याची बैठक होती, त्याच दिवशी! उत्तर द्यायला वेळच उरला नाही. सोळाही हजार शेअर भारतीय गटाकडे गेले. आता हिशेब करा: एकूण शेअर ४८ हजार, इंग्रज कंपनीचे १८,९९०. म्हणजे चाळीस टक्क्यांच्या किंचित खाली. सरकारला हवे होते तेवढे झाले आणि कंपनीची सत्ताही भारतीय गटाच्या हाती गेली.

भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढले. १९८१ साली निकाल लागला आणि तो लिहिला सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी, पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली आणि न्यायदान केलेल्या माणसाने. न्यायालयाने दोन गोष्टी वेगवेगळ्या तोलल्या. कायदा पाळण्यासाठी इंग्रज कंपनीचा हिस्सा घटणे भागच होते, त्यामुळे तिला ते नवे शेअर स्वतः घेता आलेच नसते. तेव्हा शेअरवाटप रद्द करण्याचे कारण नाही आणि कायद्यातल्या अर्थाने हा जुलूमही नाही. पण म्हणून भारतीय गटाने फुकट लाभ उपटावा काय? शेअराचा बाजारभाव १९० धरला गेला, घेतला होता शंभराला. दर शेअरामागे नव्वद रुपयांचा हा लाभ. ९,४९५ शेअरांचे झाले ८ लाख ५४ हजार ५५० रुपये. तेवढे त्यांनी इंग्रज कंपनीला द्यावेत, असा हुकूम झाला. त्या वेळी देशातले जनमत परदेशी कंपन्यांच्या बाजूचे नव्हते, हे ध्यानात घ्या. तरीही वजनकाटा हलला नाही. उशिरा पोचलेल्या एका पत्राची किंमत साडेआठ लाख रुपये!

काळ फिरला. २९ मे १९९२ रोजी भांडवल-नियंत्रकाचे कार्यालय बंद झाले. भाव ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. हिस्सा चाळीसवर ठेवण्याचे बंधनही सैल झाले. तेव्हा काही परदेशी मालक-कंपन्यांनी उलटी चाल केली. इथल्या कंपनीने फक्त आपल्यालाच नवे शेअर द्यावेत, आणि तेही बाजारापेक्षा बऱ्याच कमी भावाने, असे ठराव सभांतून मंजूर करून घेतले. कायद्याप्रमाणे विशेष ठराव होत होता. पण मते मोठ्यांचीच जास्त! या वेळी वाटी लहान झाली ती किरकोळ भागधारकाची. सत्तरीत स्वस्तात मिळालेले काही अंशी परत गेले, असे गमतीने म्हणता येईल. पण ज्याने मधल्या काळात पुऱ्या भावाने शेअर घेतले होते, त्याने काय पाप केले होते? बरीच ओरड झाली आणि १९९४ च्या ऑगस्टमध्ये ‘सेबी’ने नियम केला की, अशा खास वाटपाचा भाव मागच्या काही महिन्यांच्या बाजारभावाच्या सरासरीखाली जाता कामा नये.

आज २०१३ चा कंपनी कायदा चालू आहे. त्याचे ६२ वे कलम म्हणजे जुन्या ८१ चाच वंशज. नवे शेअर आधी जुन्यांना प्रमाणात. कामगारांना किंवा बाहेरच्यांना द्यायचे तर विशेष ठराव. आणि बाहेरच्यांना द्यायच्या भावासाठी नोंदणीकृत मूल्यमापकाचा अहवाल. १८०७ पासून निघालेली वाट इथवर आली आहे.

हक्क विकण्याची सोयही आता सोपी झाली आहे. २०२० साली रिलायन्सने पंधरा शेअरांमागे एक, १,२५७ रुपये भावाने, असे सुमारे ५३ हजार कोटी रुपयांचे हक्काचे शेअर काढले. तेव्हा तो हक्क भागधारकांच्या डीमॅट खात्यात स्वतंत्रपणे जमा झाला आणि काही दिवस शेअरबाजारात शेअरासारखाच विकला गेला. ज्याच्यापाशी पैसे नव्हते, त्याला तो विकून किंमत मिळविता आली. ज्याने काहीच केले नाही, त्याचा हक्क मुदत संपताच कागदाच्या मोलाचाही उरला नाही. अर्ज करायचा नाही आणि विकायचाही नाही, ही वाट शहाण्याची नव्हे.

जाता जाता बोनस शेअरांविषयी दोन शब्द. एका शेअराला एक बोनस मिळाला, की पुष्कळांना पैसे दुप्पट झाल्याचा आनंद होतो. पण कंपनीत नवा पैसा आलेला नाही. एका भाकरीचे चार ऐवजी आठ तुकडे केले. पोट तेवढेच भरणार. भाव साधारण निम्म्यावर येतो. यात तोटा नाही, आणि नुसत्या तुकड्यांनी फायदाही नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या कंपनीकडून नव्या शेअरांचे पत्र आले, तर ते त्याच दिवशी उघडा आणि चार गोष्टी विचारा. शेअर कुणाला मिळणार, सगळ्या जुन्यांना की निवडक मंडळींना? भाव काय, आणि तो दर्शनी किमतीशी न ताडता बाजारातल्या आजच्या किमतीशी ताडला तर कसा दिसतो? पैसा कशासाठी हवा आहे, इंजिनासाठी की जुन्या कर्जाची भोके बुजविण्यासाठी? आणि शेवटची मुदत कोणती? बाहेरच्यांना शेअर द्यायचा ठराव असेल, तर मत द्यायला विसरू नका. एकाच्या मताने काय होणार, असे म्हणाल, तर विरोधी मतांच्या तिप्पट मते लागतात, हे आठवा. म्हणजे पंचवीस टक्क्यांहून थोडी जास्त विरोधी मते पडली, तरी ठराव पडतो.

स्टोक्सचे शेअर २२१ होते. तेवढ्यांवर त्याने आपला हक्क मागितला, आणि मागितला म्हणूनच त्याला मिळाला.